ओढ्याकाठचं रान

गेल्या भाऊबीजेला आत्या आली. ओवाळणं झालं, जेवणं झाली, आणि भांडी आवरताना तिने मला हळूच विचारलं, "ओढ्याच्या रानात आता काय करत्यात गं?"

"गाड्यांचे पार्ट," मी म्हटलं. "दाराच्या आत काच वर-खाली करायचं यंत्र असतं ना, ते."

ती थोडा वेळ ताट विसळत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी आमचं पोरगं करतंय त्येच की."

तेच. आत्याचा नातू ज्या लाइनवर उभा राहतो, ती लाइन आमच्या पणजोबांच्या रानात आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी त्यावर बोलत नाही. परकीय गुंतवणूक, विकास, विषमता हे शब्द मी अर्थशास्त्रात बहिःस्थ एम.ए. करताना वाचले, परीक्षेत त्यांच्यावर पुरवण्या भरल्या. पण त्यांचा अर्थ मला उमगला तो आमच्या भावकीत, आणि एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात, जिथे मी नऊ वर्षं पगारपत्रकं केली. म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव चाकणच्या पश्चिमेला. इतिहासाच्या पुस्तकात चाकण येतं ते संग्रामदुर्गामुळे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेला या भुईकोटापुढे जवळपास दोन महिने थोपवून धरलं होतं. आमच्या लहानपणी मात्र चाकण म्हणजे कांदा. उन्हाळ्यात घराघरात वखारी भरलेल्या असायच्या, आणि सडका कांदा निवडून काढण्याचं काम आम्हा पोरींकडे. हाताला तो वास आठवडा आठवडा राहायचा. शाळेत पुण्याहून बदलून आलेल्या बाई वह्या तपासताना नाकाला पदर लावायच्या, ते मला अजून आठवतं.

आजोबांच्या दोन मुलांत १९८४ साली वाटणी झाली. तोंडी, पंचांसमोर. ओढ्याकाठचं तीन एकर काळं, विहीर असलेलं रान थोरले म्हणून दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना मिळालं. रस्त्याकडेचं तेवढंच मुरमाड, जिथे बाजरीसुद्धा गुडघ्याच्या वर जायची नाही, ते अण्णांच्या वाट्याला आलं. धाकट्यावर अन्याय नको म्हणून पंचांनी अण्णांना एक बैलजोडी वर दिली. आई सांगते, अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. आत्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. तिचा विषय पंचांपुढे निघालाच नाही, आणि तो निघायला हवा होता असं तिच्यासह कोणाला वाटलंही नसावं.

मग १९९१ आलं. जुलैमध्ये दिल्लीत नवं औद्योगिक धोरण जाहीर झालं, ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकी भांडवलाला आपोआप मंजुरी मिळाली, आणि त्याच महिन्यात मनमोहन सिंगांचा तो अर्थसंकल्प. आमच्या गावात त्या दिवशी काही झालं नाही. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात मर्सिडीज बनू लागली, तेव्हाही ती गाडी पाहायला कोणी गेलं नाही. वाहन उद्योगात १०० टक्के परकी मालकीची वाट २००२ मध्ये सरळ मोकळी झाली, आणि त्यानंतर मात्र गावात झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग दिसू लागली. सातबारा, फेरफार, गटाचा नकाशा. एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्यातलं बत्तीसावं कलम आमच्याकडे म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. आधी 'बत्तीस-दोन'ची नोटीस येते, तुमचं काय म्हणणं असेल ते मांडा म्हणून. पुढे 'बत्तीस-एक' लागलं की जमीन सरकारची.

बत्तीस-एक ओढ्याकाठच्या रानाला लागलं. रस्त्याकडेची पट्टी गावठाणाला लागून होती, ती संपादनातून वगळली गेली. पंचांनी १९८४ मध्ये जमिनीचा कस बघून जो तराजू धरला होता, तो वीस-बावीस वर्षांत पुरता उलटला. काळ्या मातीला सरकारी दर मिळाला, आणि मुरमाला चौरस फुटाचा भाव आला.

आता मला त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे ज्याबद्दल लिहिणं मी बरीच वर्षं टाळलं. वाटणी तोंडी असल्यामुळे सातबारावर आजोबांचंच नाव होतं, आणि ते गेल्यावर वारसनोंदीत दोन भाऊ आणि एक बहीण अशी तीन नावं लागली. आत्याची सही झाल्याशिवाय मोबदला निघणार नव्हता. महाराष्ट्रात १९९४ पासून त्यानंतर लग्न झालेल्या मुलींना, आणि देशभर २००५ पासून सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते, हे मला माहीत होतं. २००७ च्या उन्हाळ्यात खेडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र झालं. आत्याला वाचता येत नाही, म्हणून दस्त तिला मीच वाचून दाखवला. "राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, विनामोबदला." तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "दादा म्हनतोय ना?" मी हो म्हटलं. तिने अंगठा दिला. दुपारी तिला साडी घेतली, आणि अण्णांनी तिला पाबळच्या पुढे तिच्या गावापर्यंत जीपने सोडलं.

त्या दिवशी तिथे अशा सात-आठ बहिणी असतील. सगळ्यांच्या हातात त्याच दुकानाच्या पिशव्या होत्या.

परकी पैसा गावात यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. तो आला की विषमता वाढते, असं पुस्तकात असतं. आमच्याकडे विषमतेचा पहिला दस्त आम्ही स्वतः नोंदवला, गुंतवणूक यायच्या आधी, मुद्रांक लावून.

२००९ च्या मार्चअखेर फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. ५८ कोटी युरो, तेव्हाचे सुमारे ३,८०० कोटी रुपये. ५७५ एकर जागा. वर्षाला १,१०,००० गाड्यांची क्षमता. त्याच वर्षी मर्सिडीज पिंपरीतून चाकणला आली. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ पासून चालू होता. मोठ्यांच्या मागोमाग सीट करणारे, काच करणारे, वायरिंग करणारे जर्मन, जपानी, कोरियन आले. निघोजे, खराबवाडी, महाळुंगे, सावरदरी, वासुली, भांबोली, या गावांच्या पाट्या आता ट्रकड्रायव्हर पंजाबीत आणि तमिळमध्ये एकमेकांना सांगतात.

यातून जे चांगलं झालं ते खरं चांगलं झालं, हे मी ठामपणे लिहिते. माझा एक चुलतभाऊ एका परदेशी कंपनीत पहिल्याच भरतीत लागला आणि पर्मनंट झाला. त्याच्या दोन्ही मुली आज अशा शिकतात की आमच्या पिढीतल्या कोणी तसं मनातही आणलं नव्हतं. त्यांच्या युनियनचा दर तीन-साडेतीन वर्षांनी वेतनकरार होतो, गेटवर गुलाल उधळतात, पेढे घरी येतात. अपघात झाला तर उपचारासाठी दागिना मोडावा लागत नाही. पहाटे साडेपाचला ओढणीने चेहरा बांधून स्कूटरवर पहिल्या शिफ्टला निघालेल्या मुली बघितल्या की मला अजून भरून येतं. त्यांच्या आया याच रस्त्याने डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालायच्या. मला स्वतःला चार पैसे मिळवून नवऱ्याच्या बरोबरीने घर चालवता आलं ते याच कारखान्यांमुळे. कांद्याच्या पट्टीवर दादांनी किती वेळा तोटा सोसला ते मी पाहिलेलं आहे. ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही.

पण मग मी त्या ऑफिसात लागले.

ऑफिस एका हॉटेलच्या वर, दोन खोल्यांचं. मालक आमच्याच भागातला, फ्लेक्सवर फोटो असणारा. कंपन्यांना माणसं पुरवायची, एवढाच धंदा. माझ्याकडे मस्टर, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, चलनं. सुरुवातीला मला वाटायचं की मी माणसांचे पगार करते. हळूहळू कळलं की कंपनीच्या हिशोबात आमचं बिल पगाराच्या रकान्यात पडतच नाही. ते बाहेरून घेतलेल्या सेवेच्या खर्चात जातं, वाहतूक आणि साफसफाईच्या शेजारी.

एकाच मशीनवर तीन तऱ्हेची माणसं असायची. पर्मनंटवाला, त्याचा पगार कंपनी करायची. कंत्राटी, त्याचा मी करायची: किमान वेतन, त्यावर जानेवारीत आणि जुलैत बदलणारा विशेष भत्ता, वजा १२ टक्के पीएफ, वजा ईएसआय, वजा कँटीन, वजा बस, पहिल्या महिन्यात वजा बूट आणि गणवेश. आणि तिसरा ट्रेनी, ज्याला पगार नसतोच, विद्यावेतन असतं. २०१३ साली 'नीम' नावाची प्रशिक्षण योजना आली आणि बारावी झालेली, आयटीआय झालेली पोरं हजारोंनी शिकाऊ म्हणून लाइनवर उभी राहिली. शिकणारा कामगार नसतो, म्हणून त्याला पीएफ नाही, युनियन नाही. ती योजना पुढे गुंडाळली गेली. तोवर काही पोरं तीन वर्षं तेच चार स्क्रू पिळायला शिकत होती.

तिघांच्या ओळखपत्राच्या फिती वेगळ्या रंगाच्या. कँटीनमध्ये जेवण एकच, रांग एकच, पण फितीवरून कोण कोणाशेजारी बसणार ते ठरायचं. लग्न जुळवणारे मध्यस्थसुद्धा आमच्याकडे मुलाची आधी फीत विचारतात.

'ब्रेक' हा शब्द मी तिथे शिकले. एका माणसाचे बारा महिन्यांत कामाचे २४० दिवस भरले की कायद्याने त्याला काही हक्क लागू होतात. म्हणून सातव्या महिन्याच्या शेवटी यादी निघायची. यादी मीच काढायची, कारण दिवस मोजणारं मस्टर माझ्याकडे होतं. ज्याच्या नावापुढे दोनशेचा आकडा ओलांडला, त्याच्यावर पिवळी रेघ. त्याने पंधरा दिवस, महिनाभर घरी बसायचं आणि मग शेजारच्या दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा त्याच गेटने, त्याच मशीनवर यायचं. लातूर-नांदेडची पोरं ब्रेकमध्ये गावी जायची. ओडिशा-बिहारची तिकिटाचे पैसे नकोत म्हणून खोलीवरच थांबायची आणि नाक्यावर बिगारी करायची. मी ऑफिसातून बाहेर पडले की त्यांतली कोणी समोर दिसायची आणि "मॅडम, कधी बोलावताय?" म्हणायची. त्यांना वाटायचं ते माझ्या हातात आहे. रेघ तर माझ्याच हाताने ओढलेली असायची.

कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. बारमाही कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला होता. मी नोकरीत असतानाच्या नियमांत असंही होतं, की कायम कामगारासारखंच काम करणाऱ्या कंत्राटी माणसाला दामही तसाच मिळावा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंत्राटी पद्धत एखाद्या कामात बंद केली तरी तिथली माणसं आपोआप कायम होत नाहीत. त्या निकालानंतर ठेकेदारीला जी गती आली ती आकड्यांत दिसते. शतक बदलताना देशातल्या संघटित कारखान्यांत पाचातला एक कामगार कंत्राटी होता. आता पाचातले दोन आहेत. यात जर्मनांनी किंवा कोरियनांनी नवं काही शोधून काढलेलं नाही. देशी कारखानेही हेच करतात. आपण त्यांना जे ताट वाढलं त्यात हा पदार्थ आधीपासून होता. ज्या जर्मनीत त्यांचे स्वतःचे कामगार कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात मालकाच्या समोर बसतात, त्या देशातून आलेल्या माणसांना आपण इथे शिकवलं की गड्याला सात महिन्यांनी घरी पाठवायचं असतं.

'८० टक्के स्थानिकांना नोकऱ्या' ही मागणी आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीत असते. सरकारच्या लेखी स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. गावाच्या लेखी स्थानिक म्हणजे ज्याची जमीन गेली तो. आणि गावातल्या ज्याला शक्य झालं त्याने नोकरी मागितलीच नाही, ठेका मागितला. भंगाराचा, पाण्याच्या टँकरचा, कँटीनच्या भाजीचा, बसचा, माणसांचा. माझ्या मालकाच्या वडिलांचं दीड एकर गेलं होतं. नोकरी मागितली असती तर एक पगार मिळाला असता. त्याने ठेका घेतला आणि नऊशे पगारांतला थोडा थोडा भाग त्याला मिळू लागला. मला त्याचा राग येतो, आणि त्याच्या जागी आमच्या घरातलं कोणी असतं तर तेच केलं असतं हेही मला कळतं.

अण्णांनी मुरमावर आधी पत्र्याच्या खोल्या टाकल्या. दहा बाय बारा, सहा खोल्यांत एक संडास. एका खोलीत दोन शिफ्टची माणसं, पहिली उठून गेली की दुसरी तिथेच येऊन आडवी होणार, गादी थंड होत नसे. आता तिथे तीन मजली इमारत आहे आणि खाली रस्त्याला सात गाळे. महिन्याच्या दहा तारखेला अण्णा वही घेऊन प्रत्येक मजल्यावर जातात. मी केलेला पगार सात तारखेला खात्यात पडायचा आणि दहाला त्यातला तिसरा हिस्सा अण्णांच्या वहीत यायचा. एकाच पैशाचं जाणं आणि येणं आमच्याच घरातली दोन माणसं लिहीत होती.

दादांना ओढ्याच्या रानाचे पैसे एकरकमी मिळाले. त्यातून घर झालं, माझं लग्न झालं, थोडे ठेवीत राहिले, बरेच दोन वर्षांत कुठे गेले ते कळलं नाही. ज्यांना आयुष्यभर पिकाच्या पैशाची सवय, दर सहा महिन्यांनी येणाऱ्या आणि संपणाऱ्या, त्यांच्या हातात सगळा पैसा एकदम देऊन पीक कायमचं बंद केलं तर काय होईल, याचा विचार त्या कलमात नाही. दादा अजूनही जूनमध्ये पहाटे उठून ढग बघतात.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला सायमन कुझनेट्स होता. देश शेतीतून उद्योगाकडे जाताना विषमता आधी वाढते आणि नंतर कमी होते, हे त्याचं १९५५ सालचं मांडणं. त्या वाढत जाऊन उतरणाऱ्या रेषेची आकृती मी परीक्षेत छान काढली होती. पुढे मूळ निबंध वाचला तेव्हा थांबले. आपल्या मांडणीत ५ टक्के माहिती आणि ९५ टक्के अंदाज आहे, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. त्या माणसाचा हा सच्चेपणा मला फार आवडला. आमच्या क्रमिक पुस्तकात आकृती होती, हे वाक्य नव्हतं. आपल्याकडे ती रेष उतरायला अजून लागलेली नाही. तोमा पिकेटी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या २०२४ मधल्या हिशोबाने देशातल्या वरच्या १ टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा आहे.

माझ्या मनात मात्र घर करून बसला तो अल्बर्ट हर्शमन. १९७३ साली त्याने एक दाखला दिला. बोगद्यात दोन रांगांत गाड्या अडकल्या आहेत. शेजारची रांग हलली की आपली हललेली नसतानाही आपल्याला बरं वाटतं, कारण आता आपलीही हलेल अशी आशा वाटते. पण शेजारची पुढे जातच राहिली आणि आपली जागची हललीच नाही, तर काही वेळाने त्याच आशेचा संताप होतो.

हे मी वाचलं ते कंपनीच्या बसमध्ये, आंबेठाण चौकात. चाकणची वाहतूक ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. पावणेदोन तास आम्ही तिथे होतो. बसमध्ये चाळीसेक पोरं, दुसऱ्या शिफ्टची, बहुतेक सगळी झोपलेली. शेजारून गाड्या वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर पुढे सरकत होता, वर कोऱ्या गाड्या. मला त्या पोरांचं नवल वाटत आलं आहे. सात-सात महिन्यांचे तुकडे जोडत ती चार वर्षं, पाच वर्षं काढतात, ती कोणाच्या तरी गोष्टीवर. "आमच्या बॅचचा एक पर्मनंट झाला." माझ्या चुलतभावाची गोष्ट मी स्वतः किती जणांना सांगितली असेल. त्याची रांग २००९ मध्ये हलली होती. नंतर ती फार थोड्यांसाठी हलली. ३० जुलै २०१८ ला आरक्षणाच्या आंदोलनात चाकणमध्ये बसगाड्या जळाल्या तेव्हा शिक्षणातलं आणि सरकारी नोकरीतलं आरक्षण हा विषय होता, आणि त्याला स्वतःची कारणं होती. पण रस्त्यावरच्या गर्दीत जे चेहरे मी खिडकीतून पाहिले, त्यांतले काही माझ्या मस्टरवर होते.

पैसा येतो तसा जातोही, हे मला उशिरा कळलं. गुंतवणुकीचा आकडा करार होतो त्या दिवशी पहिल्या पानावर येतो. २०२२ च्या सप्टेंबरात वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असं जाहीर झालं तेव्हा आमच्याकडे सुतक पडल्यासारखं झालं होतं. १ लाख ५४ हजार कोटी, हा आकडा चहाच्या टपरीवर पाठ होता. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली, तेव्हा त्यावर कोणी फारसं बोललं नाही. तळेगावात जनरल मोटर्सची शेवटची गाडी २०२० च्या डिसेंबरात निघाली. चौदाशेहून अधिक कायम कामगार, चाळिशीतले. रांग हललेली माणसं होती ती. तो कारखाना आता ह्युंदाईने घेतला आहे, आणि ते चांगलंच झालं. त्याच ह्युंदाईच्या भारतीय कंपनीचे शेअर २०२४ च्या ऑक्टोबरात बाजारात आले. सुमारे २७,८७० कोटी रुपये, तोवरची देशातली सगळ्यात मोठी विक्री. यातला एकही नवा रुपया इथल्या कंपनीत आला नाही, कारण विकले ते कोरियातल्या मूळ कंपनीने आपले जुने शेअर. वर्षभराने रांजणगाववाल्या एलजीचंही तसंच झालं, ११,६०७ कोटी. यात बेकायदा काही नाही. ज्याने पैसा घातला तो नफा घेणारच. २०२४-२५ मध्ये देशात एकूण सुमारे ८१ अब्ज डॉलर थेट परकी गुंतवणूक आली. त्याच वर्षी ५० अब्जांहून जास्त परत गेली, आपल्या कंपन्यांनी बाहेर गुंतवलं ते निराळं, आणि सगळं वजा जाता हाती १ अब्ज डॉलरसुद्धा उरले नाहीत. पंधरा-वीस वर्षं इथे राहून, कमावून, पैसा घरी जाऊ शकतो. मग त्या पंधरा-वीस वर्षांत इथल्या हातांना काय मिळालं एवढाच हिशोब आपला, आणि तो मांडायला आपल्याकडे वहीच नाही. कंपनीला सवलती देताना किती कोटी गुंतवणार आणि किती रोजगार देणार ते लिहून घेतात. त्या रोजगारांना कोणत्या रंगाची फीत असेल, हा रकाना मी कुठल्या अर्जात पाहिलेला नाही.

एकेकाळी अटी घालायची हिंमत आपण केली होती. १९९७ च्या डिसेंबरात सरकारने परदेशी वाहन कंपन्यांना सांगितलं, तिसऱ्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के माल इथला वापरा. अमेरिका आणि युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि २००१ मध्ये आपण हरलो. तरी त्या काळात भोसरीच्या गाळ्यांमधून जे लेथवाले, प्रेसवाले तयार झाले, त्यांतले कित्येक आज मोठे कारखानदार आहेत. सुट्या भागांसाठी अट घालता येते हे आपल्याला सुचलं होतं. तसंच काही माणसांसाठी का सुचू नये, हे मला कळत नाही; आणि त्यासाठी जिनिव्हातल्या त्या व्यापार संघटनेची परवानगीही लागत नाही.

आत्याचा नातू २०२२ मध्ये आला. आयटीआय फिटर. पाबळच्या पलीकडे पाऊस कमी, शेती थोडी. आत्याने दादांना फोन केला, दादांनी मला सांगितलं, मी मालकाला. तो दुसऱ्या आठवड्यात लागला. कुठल्या कारखान्यात माणूस हवा ते आमच्या हातात नसतं. यादीत त्या दिवशी तोच कारखाना होता. खोली अण्णांच्या इमारतीत मिळाली. अण्णांनी नात्यातला म्हणून डिपॉझिट घेतलं नाही. भाडं घेतलं.

त्याचा पहिला ब्रेक आला तेव्हा मस्टरमध्ये त्याच्या नावापुढे रेघ ओढायचं काम माझ्याकडेच होतं. मी ती ओढली. मी ओढली नसती तर दुसऱ्या कोणी ओढली असती, हे खरं आहे, आणि त्याचा मला काही उपयोग झाला नाही. चार महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. आता एका पतसंस्थेत आहे. तो तिथेच आहे, चौथ्या ठेकेदाराच्या नावावर.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती. आत्या म्हणाली, मला ते रान बघायचंय. दादा म्हणाले, काय बघायचंय तिथं. ते आले नाहीत. मी तिला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले, नातू बरोबर होता, त्याच्या गाडीवर. गेटच्या बाहेर आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. ओढा आता सिमेंटच्या नळ्यातून जातो. आत्याने आधी त्या नळ्याचं तोंड शोधलं, मग तिथून हात लांब करून ती जागा लावू लागली. हितं बांध. हितं बोरी व्हती. त्या निळ्या शेडच्या कोपऱ्याला विहीर. तिला सगळं लागलं, कारण विहिरीपासून घरापर्यंतची वाट तिने डोक्यावर हंडा घेऊन चालून मोजलेली होती.

वॉचमनने येऊन गाडी पुढे घ्यायला सांगितलं. तो परभणीचा होता, अदबीने बोलला.

नातवाने खिशातून कार्ड काढून गळ्यात घातलं. आत्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, फोटोवरून अंगठा फिरवला. "ह्याच्यावर काय लिहिलंय?" तिने मला विचारलं.

मी वाचून दाखवलं. त्याचं नाव, रक्तगट, ठेकेदाराचं नाव, मुदत. मुदत मार्चपर्यंतची होती. या वेळी मी तिला मार्चनंतर काय होतं तेही सांगितलं, ब्रेक म्हणजे काय ते, पिवळी रेघ कोण ओढतं ते. आणि मग तिथेच, ट्रक जात असताना, खेडच्या ऑफिसातल्या त्या कागदावर काय लिहिलं होतं तेही, शब्द न् शब्द. ती ऐकत राहिली. भोंगा झाला तसा नातू आत गेला.

"मला ठावं व्हतं," आत्या म्हणाली. "तू वाचताना तुझा आवाज बसला व्हता."

मग तिने पदर खोचला आणि ती स्कूटरवर मागे बसली.